रबराची नळी

छोटी ग्वालटोलीत, गल्लीच्या आत गल्ली,
तिथे हमीद मिस्त्रीनं कालच्या पेपरावर
ह्यांची गाडी मांडून ठेवली आहे.
सगळी नाही. तिचं नाक-तोंड तेवढं.

दोन पितळी जेट, दोन सुया टाचणीहून जाड,
पालथे घातलेले दोन तांबे, त्यांच्या आत पिस्टन.
"डावं-उजवं मिसळायचं नाही, बाई.
जुळी दिसतात, पण एकाचं पिस्टन
दुसऱ्याच्या घरात नांदत नाही."

एकोणऐंशी साली घेतली ही,
एका मिलवाल्याच्या धाकट्या चिरंजीवाकडून.
दोन दारं, छप्पर नाही, रंग बाटलीचा हिरवा.
मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजात, रात्रपाळीला.
पगार माझा, गाडी ह्यांची.
रामबागेतून निघाली की कृष्णपुऱ्याच्या पुलावर बंद.
ढकलायला मी.
स्टीअरिंगवर हे, मागे न बघता सांगणार :
"जरा जोर लाव, पकडतेय!"

मग अकरा वर्षं ताडपत्रीखाली.
ह्यांना जाऊन सहा.
आता गिऱ्हाईक आलंय उदयपूरचं, रविवारी येतो म्हणतं.
चालू असेल तर एक भाव,
बंद असेल तर भंगाराहून थोडा वर.

तळाशी काय काय निघालं :
पेट्रोल वाळून झालेली मधाच्या रंगाची राळ,
एका जेटच्या तोंडात कुंभारमाशीचं घर,
मातीचं, लिंपलेलं, रिकामं.
आणि बुचाच्या चकत्या कुजलेल्या.
नव्या सियागंजात नाहीत, कुठेच नाहीत.
"बूच आणा कुठूनही," मिस्त्री म्हणाला.
घरभर शोधलं. हल्ली सगळ्या बाटल्यांना प्लास्टिकची झाकणं.
शेवटी ह्यांच्या कपाटात बॅडमिंटनचं एक फूल,
त्याच्या बुडाचं पांढरं कातडं सोललं तर आत बूच.
पाइपाला धार लावून त्यानं चकत्या पाडल्या,
रात्रभर तेलात भिजत घातल्या
पापडखारासारख्या जपून.

आज जोडणी. पिस्टन बोटानं उचलून सोडतो. टक्.
"वाजलं?"
वाजलं की.
दुसरं. टक्. पुन्हा विचारतो, माझ्या तोंडाकडे बघत,
तेव्हा माझ्या लक्षात येतं.
समोर पत्रा ठोकायचं दुकान, चाळीस वर्षं.
"हातोडीनं खाल्ले कान," तो हसून सांगतो
आणि माझ्या हातात नळी देतो,
स्कूटरच्या पेट्रोलची, हातभर लांब.
"एक टोक ह्याच्या तोंडाशी, एक तुमच्या कानाशी.
दोघांची फुसफुस सारखी झाली की सांगा."

इंजिन खोकलं, धुरकटलं, लागलं.
मी नळी कानाला लावली.
हा आवाज मला माहीत आहे.
पहाटे तीनला खंडव्याची लाइन उघडी असायची,
पैसे पडत असायचे, आणि दोन्हीकडे कुणीच बोलत नसायचं.
मी मध्ये बसलेली, तोडू की नको करत.

मागचा जास्त ओढतोय, मी बोट दाखवते.
तो स्क्रू पाव फेरी. अजून थोडा. नाही, जास्त झाला. परत.
पुढचा. मागचा. पुढचा.
हे एकटेच बॉनेटात डोकं घालून बसायचे रविवारभर.
मी आत पोळ्या लाटत,
तिथवर ऐकू यायचं मला, एक बाजू कमी पडतेय.
कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही.

मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पिस्टन केसभर उचलायचं.
पळत सुटलं तर पेट्रोल जास्त,
मान टाकली तर कमी,
दचकून पुन्हा होतं तिथं आलं,
तर ठीक.

आलं.

मिस्त्री चालवायला, मी बाजूला, टपरीवरचा पोरगा हात हलवतोय.
कृष्णपुऱ्याचा पूल आला तशी मी सवयीनं
चपलेचा पट्टा घट्ट केला.
गाडी पुलावरून गेली.

"आता कुठे, बाई?" तो ओरडून विचारतो.
मी सांगितलं.
त्याला ऐकू गेलं नाही,
तो सरळच गेला.